रक्तदानातून आलेल्या प्लाझ्मातले विषाणू नुसत्या प्रकाशाने मारता येतात का?

नुसत्या प्रकाशाने नाही, सोबत एक रंग लागतो. प्लाझ्मासाठी, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवासाठी, अनेकदा मिथिलीन ब्लू वापरतात. हो, प्रयोगशाळेत काचपट्टीवर थेंब टाकतो तोच निळा रंग, 1876 सालचा.

पिशवीतल्या प्लाझ्मात तो अगदी किंचित मिसळतात आणि वरून तांबडसर प्रकाश सोडतात. रंगाचा रेणू विषाणूच्या आरएनए-डीएनएला चिकटलेला असतो. प्रकाश शोषला की तो ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो, तो ऑक्सिजन भलताच आक्रमक होतो आणि जनुकीय धाग्यातल्या ग्वानिन या घटकाची वाट लावतो. विषाणू दिसायला जागच्या जागी, पण त्याची नक्कल निघत नाही. नंतर गाळणीने रंग काढून घेतात.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांना आवरण असतं, ते यात सापडतात. हिपॅटायटिस ए बिनआवरणाचा, चिवट. तो बऱ्याचदा निसटतो. शिवाय रक्त गोठवणारे काही घटकही थोडे कमी होतात, ही किंमत मोजावी लागते. लाल पेशींच्या पिशवीत हा प्रयोग फसतो, कारण हिमोग्लोबिनच प्रकाश अडवतं.

प्लेटलेट्ससाठी अ‍ॅमोटोसॅलेन हे रसायन आणि अतिनील-ए किरण वापरतात. अमेरिकेत त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली. हे रसायन सोरालेन कुळातलं, आणि सोरालेन म्हणजे आपल्या बावचीच्या बियांतलं द्रव्य. कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे ना, तिथेही प्रकाशाचंच काम होतं.

घरी करून बघायची गोष्ट नाही, एवढं सांगायलाच नको.