‘प्रतिजैविक’मधला प्रति कोणता?

प्रश्न असा आला आहे: ‘जीवाणूंपासून मिळणाऱ्या नव्या औषधी संयुगांना सरसकट प्रतिजैविके म्हणावे का? आणि यातला प्रति नेमका कोणता?’

आधी प्रति. केतकावळ्याचा प्रतिबालाजी आपल्या पुणेकरांना ठाऊक आहेच. तिथला प्रति म्हणजे हुबेहूब नक्कल. त्या हिशेबाने माझ्या भाचीने प्रतिजैविकाचा अर्थ ‘डुप्लिकेट ऑरगॅनिक’ असा लावला होता, आणि तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. पण इथला प्रति प्रतिहल्ल्यातला आहे, विरोधात उभा राहणारा. अँटिबायोटिकमधल्या अँटीचं ते सरळ मराठी. (औषधाच्या दुकानात मात्र प्रतिजैविक कुणी मागत नाही. तिथे ‘अँटिबायोटिकचा कोर्स’च.)

अँटिबायोटिक हा शब्द १९४०च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॅक्समन यांनी रूढ केला तेव्हा त्यात दोन अटी होत्या: पदार्थ सूक्ष्मजीवाने बनवलेला हवा आणि त्याने दुसऱ्या सूक्ष्मजीवाला रोखायला हवं. पहिली अट कधीच गळाली. सिप्रोफ्लॉक्सासिन प्रयोगशाळेत बनतं, तरी त्याला प्रतिजैविकच म्हणतात. म्हणजे आता या शब्दातून औषधाचं काम कळतं, कूळ नाही.

म्हणून सरसकट नको. ईस्टर बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या, मातीतल्या जीवाणूपासून रापामायसिन मिळालं. ते देतात मूत्रपिंडरोपणानंतर, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून. त्याला प्रतिजैविक म्हटलं तर वाचक भलतंच समजेल. ‘जीवाणुजन्य औषध’ व्याकरणाने बरोबर, पण ‘जीवाणुजन्य आजार’ इतका कानात बसलाय की वाचक क्षणभर अडखळतो. मी ‘जीवाणुनिर्मित संयुगे’ लिहीन.

जाता जाता त्या ‘मायसिन’बद्दल. ग्रीकमध्ये मायकेस म्हणजे बुरशी. स्ट्रेप्टोमायसिस हे जीवाणू बुरशीसारखे तंतू काढत वाढतात, म्हणून त्यांना ते नाव पडलं आणि त्यांच्या औषधांना ते शेपूट चिकटलं. आपल्या पिंपरीतही याचा एक नमुना आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिन. त्यातला ‘हॅ’ कंपनीच्या एच.ए. या आद्याक्षरांचा, आणि ते बनवणारा जीवाणू स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गंमत म्हणजे हे औषध चालतं बुरशीवरच. वॅक्समनच्या व्याख्येत ते चपखल बसतं. मी मात्र त्याला बुरशीरोधकच लिहितो.