लुवियन (प्राचीन अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली मृत भाषा) भाषेत एकदाच सापडलेल्या शब्दाचा अर्थ कसा ठरवतात? संस्कृतशी ताडून चालतं का?

चालतं, पण सगळ्यात शेवटी. आधीच शब्दाचं मूळ (धातू) शोधायला बसलात तर हवा तो अर्थ निघतो.

पहिल्यांदा शब्दाआधीचं निर्धारक चिन्ह, म्हणजे वस्तू कोणत्या प्रकारची ते दाखवणारं चिन्ह, बघा: लाकूड, भांडं, लोकर, तांबं, भाकरी. 'कसलंसं भांडं' एवढंच कळलं तर तेवढंच लिहून थांबावं. हत्तुशा या हित्ती राजधानीतल्या, पाचरीच्या लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर हित्ती भाषेच्या मजकुरात लुवियन शब्दाआधी बरेचदा एक-दोन तिरक्या पाचरी असतात, पण तीच खूण अधूनमधून परक्या हुरियन शब्दालाही लावलेली असते.

मग प्रत्यय सोडवा. खरी फसगत इथेच होते. नपुंसकलिंगी एकवचनात प्रथमा-द्वितीयेला शेवटी -सा किंवा -झा चिकटतो. तो मूळ शब्दाचा भाग नव्हे. इतर नामांत त्याच विभक्त्यांना मध्येच 'इ' घुसते. लुवियन दगडांवर चित्रलिपीतही कोरत; तिच्यात व्यंजनाआधीचा न् लिहीतच नाहीत, त्यामुळे 'अंदा' (आत) 'अ-ता' असा कोरलेला दिसतो. उत्तरकाळात पंचमीच्या -ति चा -रि होतो. म्हणून एकच शब्द तीन-चार रूपांनी शोधावा लागतो, आणि 'एकदाच आलेला' शब्द कधीकधी दुसरीकडेही निघतो.

जुने कोश जपून वापरा. पूर्वी 'इ', 'ई' म्हणून वाचलेली चित्रलिपीतली दोन चिन्हं 1970 च्या दशकात हॉकिन्स, मोर्पुर्गो डेव्हिस आणि नॉयमान या अभ्यासकांनी 'झि', 'झा' ठरवली. पूर्व तुर्कस्तानातल्या अल्तिनतेपेच्या रांजणांवर 'तेरुसि' हे उरार्तू या प्राचीन राज्याचं माप याच लिपीत 'तु-रु-झा' असं कोरलेलं आहे, त्याने या वाचनाला बळ मिळालं.

एक ओळ बघा: 'अह्हाताता अलाति अविएन्ता विलुसाति', म्हणजे 'जेव्हा ते अलाति विलुसाहून आले'. विलुसा म्हणजे बहुतेकांच्या मते ट्रॉय. दोन्ही शब्दांना -ति आहे, तेव्हा 'अलाति' पंचमीत आहे. व्याकरणाने मिळतं ते इतकंच. भाषाशास्त्रज्ञ वॉटकिन्स यांनी 'उंच, चढणीची' असा अर्थ घेतला, कारण होमर इलिऑसला (म्हणजे ट्रॉयला) तसं विशेषण लावतो. 'समुद्राहून' असाही अर्थ सुचवला गेला आहे. 'अलाति' दुसऱ्या एका ओळीत येतो, तिथे 'अलातिहून' माणूस येतो. कोशात याच्यापुढे प्रश्नचिन्हच हवं.

आता संस्कृत. 'अझुवा' आणि 'अश्व' यांचं नातं झटकन पटतं, पण 'अझुवा' म्हणजे घोडा हे आपल्याला कळलं ते शब्दाआधी कोरलेल्या घोड्याच्या डोक्यामुळे.