बेटावरचे दीपगृह की बेटावरचा दीपस्तंभ?

नागपूरच्या एका पालकांनी विचारले आहे की, मुलीने अलिबागच्या सहलीवरील निबंधात ‘खांदेरी बेटावर आम्ही दिपगृह पाहिले’ असे लिहिले, बाईंनी त्यावर लाल रेघ मारून ‘दिपस्तंभ पाहिला’ अशी दुरुस्ती केली, तर यातला योग्य शब्द कोणता. दोन्ही शब्द मराठीत रूढ आहेत, त्यामुळे लाल रेघेची गरज नव्हती, असे माझे मत आहे. तरीही हे दोन शब्द सर्वस्वी समानार्थी नाहीत आणि खांदेरीच्या बाबतीत मुलीचाच शब्द मला अधिक नेमका वाटतो.

थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदीचे काम नेटाने सुरू केले आणि ते बंद पाडण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी आरमार पाठवले. पुढे १८१८ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये तेथे मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह उभे राहिले. या दीपगृहाला आणि बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. त्या काळी अशा ठिकाणी नुसता दिवा लावून भागत नसे. तेल भरणे, वात कापणे, भिंगांवरची काजळी पुसणे आणि फिरते भिंग असल्यास त्याच्या यंत्राला किल्ली देणे ही कामे रात्रभर चालत, म्हणून माणसे तेथेच वस्तीला असत. मनोरा, तेलाचे कोठार आणि राखणदारांच्या खोल्या हे सगळे मिळून दीपगृह होते.

‘दीपगृह’ हे इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर आहे, म्हणून काही जण त्यावर नाक मुरडतात. ती तक्रार मला पटत नाही, कारण विशिष्ट कामासाठी राखलेल्या जागेला ‘गृह’ म्हणण्याची मराठीची सवय जुनी आणि पक्की आहे: कारागृह, नाट्यगृह, वसतिगृह, विश्रामगृह. कारागृहाला कोणी घर समजत नाही, तसेच दीपगृहही घरासारखे दिसायला हवे असे नाही.

‘दीपस्तंभ’ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द समुद्रावर जाण्यापूर्वी देवळाच्या अंगणात होता आणि अजूनही तेथे आहे. गोव्यातील मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ अनेकांनी पाहिला असेल. देशावर आपण त्याच जातीच्या वास्तूला दीपमाळ म्हणतो. दीपमाळेच्या दगडी हातांवर पणत्या लावायला चढलेल्या माणसाचे तळवे तेलाने आणि काजळीने माखतात, पण तो बाहेरच्या बाहेर चढतो, आत शिरत नाही. स्तंभ म्हटला की मराठी मनाला भरीव वस्तू दिसते, जसा आपल्या नागपूरच्या झिरो माईलचा वालुकाश्माचा खांब. खांदेरीचा मनोरा मात्र पोकळ आहे, आतून जिना वर जातो. शिवाय देवळातले दिवे अनेक आणि जवळच्यांसाठी, समुद्रावरचा दिवा एक आणि दूरच्यांसाठी. म्हणजे शब्द देवळातून किनाऱ्यावर आला तेव्हा त्याने बरोबर आणली ती फक्त उभी आकृती.

त्या उभ्या आकृतीमुळेच अलंकारिक अर्थ ‘दीपस्तंभा’कडे गेला. शोकसभेत ‘ते समाजाचे दीपस्तंभ होते’ असे म्हणतात. ‘ते समाजाचे दीपगृह होते’ म्हटले तर सभेत हसू फुटेल. केंद्र सरकारच्या संबंधित महानिदेशालयाच्या हिंदी नावात ‘दीपस्तंभ’ आणि ‘दीपपोत’ असे शब्द आहेत, आणि शाळेपासून बाजारापर्यंत हिंदी ऐकणाऱ्या नागपूरकरांच्या कानाला ‘स्तंभ’ अधिक सवयीचा असावा. बाईंच्या दुरुस्तीमागे मला हेच कारण दिसते. दीपपोत म्हणजे मनोरा बांधणे अशक्य असते तेथे नांगरून ठेवलेले दिव्याचे जहाज. त्याला ना स्तंभ ना गृह, आणि तरी काम तेच.

जाता जाता, बेटाचे नावच या वस्तूचे नाव झाल्याचे उदाहरणही आहे. अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात प्रचंड मनोरा बांधला गेला, आणि त्या बेटाच्या नावावरून इटालियन व स्पॅनिश भाषांत ‘फारो’, फ्रेंचमध्ये ‘फार’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘फारोल’ हे शब्द आले. मराठीत मात्र बेट आणि दिवा यांचा गोंधळ केवळ लेखनात होतो. ‘द्वीप’ म्हणजे मूळ अर्थाने दोन्ही बाजूंना पाणी असलेली भूमी, ‘दीप’ हा ‘दीप्’ म्हणजे प्रकाशणे या धातूपासूनचा. त्यामुळे ‘लक्षदीप’ लिहिणारा बेटांचे दिवे करून टाकतो.

वहीपुरते सांगायचे तर संपूर्ण ठाण्याला ‘दीपगृह’ म्हणावे, नपुंसकलिंगी. नुसत्या उभ्या बांधकामाकडे बोट दाखवायचे असेल तर ‘दीपस्तंभ’ किंवा ‘मनोरा’, पुल्लिंगी. ‘दीप’ हा तत्सम शब्द असल्याने समासातही त्याची ‘दी’ दीर्घच राहते, ऱ्हस्व ‘दि’ ‘दिवा’सारख्या तद्भवांत येते. मुलीची खरी चूक तेवढीच होती, आणि बाईंच्या लाल शाईतल्या ‘दिपस्तंभा’तही ती तशीच राहिली आहे.