इन्सुलिन टोचायचं सचित्र पत्रक काढताना काय काय बघावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अप्लाइड आर्ट शिकलात, कोथरूडच्या एका मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णांसाठी इन्सुलिन टोचण्याचं ए-४ आकाराचं पत्रक मागितलंय, आणि सुरुवात स्वादुपिंडाच्या चित्रानं करावी का, हे तुम्हाला विचारायचंय.

नको. स्वादुपिंड गाळूनच टाका. ज्याला सकाळी सुई हातात धरायची आहे त्याचं स्वादुपिंड कुठं असतं हे कळून काही अडत नाही, आणि पानाची पाव जागा मात्र जाते. चुकांपासून सुरुवात करा. डॉक्टरांपेक्षा तिथल्या सिस्टरना विचारा की लोक नेमकं कुठं चुकतात. यादी साधारण अशी निघेल: चुकीची सिरिंज, रोज त्याच जागी टोचणं, दुधाळ इन्सुलिन न घोळवता ओढणं, बाटली फ्रीझरमध्ये ठेवणं, एकच सुई बोथट होईस्तोवर वापरणं. या प्रत्येक चुकीला स्वतंत्र चौकट द्या. हात धुणं वगैरे कृती लहान चौकटीत उरकल्या तरी चालतात. आणि इन्सुलिनचं पेन व सिरिंज एकाच पानावर आणू नका, ती दोन वेगळी पत्रकं आहेत.

सगळ्यात मोठी चौकट सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पण १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात आणि पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची नळी, म्हणजे कार्ट्रिज, बहुतेक १०० ची असते. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली की डोस अडीच पटींनी चुकतो. रुग्णाला २० युनिट घ्यायचेत असं धरा. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज असेल तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही आत जातात फक्त ८ युनिट. उलट झालं तर २० च्या खुणेला ५० युनिट, म्हणजे साखर घसरून माणूस बेशुद्ध पडायची वेळ. म्हणून चित्रात बाटलीच्या लेबलावरचा ४० आणि सिरिंजवरचा ४० हे दोन आकडे ठळक काढा आणि जाड रेघेनं एकमेकांना जोडा. केवळ टोपणाच्या रंगावर विसंबू नका. तुमचं रंगीत पत्रक संपलं की दवाखान्यातला मुलगा समोरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून आणणार, आणि त्यात लाल-नारिंगी दोन्ही राखाडीच होतात. स्वतःच आधी झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघा. रेघ एक पॉइंटपेक्षा बारीक असेल तर तुटते, हलकी छटा असेल तर उडते किंवा काळा डाग होतो. जलरंगाचा मोह इथं आवरावाच लागतो. बाह्यरेषेचं स्वच्छ चित्र आणि एखादी सपाट छटा, एवढंच टिकतं.

आकड्यांबद्दल आणखी एक. सिरिंज आणि ग्लुकोमीटर, दोन्हींवर इंग्रजी आकडे असतात. पत्रकात मजकूर मराठी असला तरी डोस आणि खुणा यंत्रावर दिसतात त्याच आकड्यांत दाखवा. शुद्धतेचा हट्ट इथं महागात पडतो.

आता हात. वैद्यकीय चित्रांत माणूस समोर उभा असतो, त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे. टोचणाऱ्याला मात्र स्वतःचे हात वरून दिसतात. समोरून काढलेलं चित्र बघून लोक हात उलटे धरतात. म्हणून संदर्भाचे फोटो सिस्टरच्या खांद्यावरून, त्यांच्याच नजरेच्या कोनातून घ्या, आणि पूर्ण पत्रकभर तोच कोन ठेवा. अपवाद फक्त जागा दाखवणाऱ्या चौकटीचा. तिथं आधी अख्खा माणूस, मग गोलात मोठं केलेलं पोट. नुसतं पोट अधांतरी काढलं तर ते पोट आहे हेच बऱ्याच जणांना उमगत नाही. त्वचेचा आडवा छेद तर टाळाच. तो कळायला शिकवणी लागते.

पोटावर बेंबीभोवती दोन बोटांची जागा मोकळी सोडायची, उरलेल्या भागाचे चार भाग करायचे, एक आठवडा एक भाग, आणि दोन टोचण्यांत निदान एका बोटाचं अंतर. तिथंच तिथं टोचलं तर गाठी येतात, आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं. हे दाखवायला बाई काढणार असाल तर साडीत काढा, आणि निऱ्या खोचल्या आहेत त्याच्या वरचा भाग दाखवा. मांडीवर टोचणं साडीत अवघड, त्यामुळं बायका पोटच निवडतात. स्कर्ट घातलेली परदेशी स्टॉक-चित्रातली बाई इथं काही कामाची नाही.

दुधाळ इन्सुलिनची चौकट गतीची आहे, म्हणून अवघड. बाटली तळव्यांत दहा वेळा घोळवायची आणि दहा वेळा उलटसुलट करायची, खळाखळा हलवायची नाही. वक्र बाण आणि शेजारी '१० वेळा' एवढं बास. बाणाला तिहेरी रेघा जोडल्या की लोक जोरात हलवतात.

फुली हा चित्रकारांचा लाडका उपाय आहे, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. चूक कृतीचं सुंदर चित्र आणि त्यावर बारीक लाल फुली असेल तर लक्षात चित्र राहतं, फुली विसरली जाते. शक्यतो बरोबर कृतीच दाखवा. फ्रीझरसारख्या ठिकाणी फुली लागतेच, तेव्हा ती चौकटभर जाड काढा आणि शेजारी बाटलीची खरी जागा त्याहून मोठी दाखवा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या फळीवर. उघडलेली साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खिडकीजवळ किंवा गाडीच्या डिकीत नको. फ्रिज नसेल त्याच्यासाठी माठाचं चित्र हवं: बाटली झाकणाच्या डब्यात, डबा माठात.

पानाच्या पाठीमागे साखर कमी झाल्याची सूचना द्यायलाच हवी, नाहीतर पत्रक अपुरं. घाम, थरथर, गरगरणं. साखर ७० च्या खाली. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी परत तपासणी. शुगरफ्रीची गोळी यावेळी कामाची नाही, हे स्पष्ट लिहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

नावं चित्रातल्या वस्तूवरच लिहा. अ, ब, क देऊन खाली सूची केली की डोळा वर-खाली पळतो आणि म्हातारी माणसं सूची सोडूनच देतात. १८५८ साली निघालेल्या ग्रेच्या शरीररचनेच्या ग्रंथाची ताकद यातच होती: चित्रकार हेन्री वँडाइक कार्टरनं नावं थेट अवयवांवर लिहिली. (हाच कार्टर त्याच साली मुंबईला आला, ग्रँट मेडिकलमध्ये शिकवू लागला आणि पुढं काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. आपल्याकडे याची फारशी कुणाला कल्पना नसते.) मजकूर १६ पॉइंटचा ठेवा, ओळींत भरपूर अंतर ठेवा. मात्रा-उकारांना जागा लागते, त्यामुळं देवनागरी त्याच मापात इंग्रजीपेक्षा बारीक दिसते. मुक्ता किंवा बलू हे मोफत युनिकोड फॉन्ट चालतील. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सेटिंग) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

चाचणी छपाईआधी, आणि मजकूर झाकून. दवाखान्याच्या बाकावरच्या आठ-दहा जणांना, त्यात साठीपुढचे आणि चष्मा घरी विसरलेलेही घेऊन, एकेक चौकट दाखवा. 'समजलं का?' असं विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. 'या चित्रात ही बाई काय करतेय?' असं विचारा, मग रिकामी सिरिंज हातात देऊन करून दाखवायला सांगा. दोघांनी एकाच चौकटीचा चुकीचा अर्थ लावला तर ती पुन्हा काढा. सुरक्षाचिन्हांसाठीच्या अमेरिकन मानकात ८५ टक्के लोकांना बरोबर कळावं आणि धोकादायक उलटा अर्थ ५ टक्क्यांहून जास्त जणांनी लावू नये अशी अट आहे. सिरिंजच्या चौकटीत मात्र उलटा अर्थ एकानंही लावला तरी मी ती बाद धरतो.

छपाईला मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद, १०० जीएसएमचा सांगा. आप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे छापखानेवाले चकचकीत आर्ट पेपर सुचवतील, पण त्यावर बॉलपेन घसरतं आणि डॉक्टरांना डोस हातानं लिहायचा असतो. लॅमिनेशनही त्याच कारणानं नको. डोस लिहायला रिकामी चौकट सोडा, कोपऱ्यात आवृत्तीचा महिना-वर्ष आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव घाला. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, पीडीएफ द्या, नाहीतर प्रेसच्या मशिनवर फॉन्ट बदलून 'क्ष'चा भलताच काहीतरी होतो.

शेवटची चौकट वापरलेल्या सुईची: जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली, तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावायचं. ती दवाखाना परत घेतो का हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या आणि तसंच लिहा. सुट्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात गेल्या तर त्या कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या हाताला लागतात. पहिल्या खेपेला डिजिटलवर पन्नासच प्रती काढा. महिनाभरात सिस्टर दोन-तीन दुरुस्त्या सांगतीलच, ऑफसेट त्यानंतर.