पीसीओएसमध्ये प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी कोणता काढा घ्यावा?

कोणताही घेऊ नये, कारण पीसीओएसमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या अंडाशय व संप्रेरकांच्या बिघाडात, प्रतिकारशक्ती खालावलेली असते हे गृहीतकच चुकीचे आहे. अनेकींच्या शरीरात सौम्य दाह सतत चालू असतो, रक्तातील सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन वाढलेले आढळते, आणि हा दाह व इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पेशी एकमेकांना खतपाणी घालतात. शिवाय प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटण्याचा हाशिमोटो हा आजार या स्त्रियांमध्ये अधिक दिसतो.

माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओएस आणि हाशिमोटो हे दोन्ही आहे. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घराच्या अंगणात कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. करोनाच्या काळात आत्या रोज सकाळी तिचे बोटभर जाडीचे कांडे तोडत, साल खरवडून ते ठेचत, पाणी निम्मे होईपर्यंत आटवत आणि तो कडूजहर पेला बहिणीने संपवेपर्यंत समोर उभ्या राहत. डॉक्टरांनी दिलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी गर्भाशय कोरडे पडते, काढ्याने पाळीही येईल आणि शक्तीही वाढेल, असे त्यांचे ठाम मत होते. पुढे बहिणीची भूक मेली, लघवी गडद पिवळी होऊ लागली आणि यकृताची इजा दाखवणारे रक्तातील एसजीपीटी कित्येक पटींनी वाढलेले निघाले. डॉक्टरांनी कावीळीची इतर कारणे तपासून काढा बंद करायला लावला, तेव्हा कुठे आकडे उतरू लागले. आत्या आजही त्याला ‘उष्णता’ म्हणतात. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली, तेव्हा ती दुसरीच वेल असावी असे आयुष मंत्रालयाने सुचवले. आमची वेल मात्र वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाहून गुळवेलच ठरवली आहे.

सर्वच वनस्पती निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. पुदिन्याच्या चहाने 30 दिवसांच्या एका छोट्या चाचणीत मुक्त टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरले, मात्र अंगावरच्या केसांच्या मोजमापात ठोस फरक पडला नाही. दालचिनीने इन्सुलिनला थोडी मदत झाल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, तर दारुहळदीतील बर्बेरिन गर्भधारणेच्या प्रयत्नात असताना टाळावे. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकीला त्रास होतो असेही नाही, पण थायरॉइडचा असा आजार असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मेटफॉर्मिनने गर्भाशय कोरडे पडत नाही. त्याने इन्सुलिनचे काम सुधारते आणि अनेकींमध्ये बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर ते सोडू नका आणि काढा घेतच असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.