वजू झाला की नाही?

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दर नमाजाआधी पाच-सहा वेळा वजू (हात, तोंड, पाय धुणं) करतो, तरी कोपर कोरडं राहिलं असं वाटून छाती धडधडते. फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, नळापाशीच पाऊण तास जातो. घरचे म्हणतात, इमान (श्रद्धा) कच्चं आहे. खरंच का?
– एक वाचक, मोमिनपुरा, नागपूर

उत्तर : नाही. पुन्हा पुन्हा छळणाऱ्या ज्या शंकेला घरात वसवसा म्हणतात, तिने दिवसाचा तासापेक्षा जास्त वेळ खाल्ला की डॉक्टर ओसीडीची (मंत्रचळाच्या आजाराची) शंका घेतात. दहाव्या शतकात मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी भीती, राग, दुःख यांच्या जोडीने मनाला चिकटणाऱ्या अशा विचारांवरही उपचार लिहिले होते.

वारा सरून वजू तुटल्याची नुसती शंका आली तर आवाज किंवा वास आल्याखेरीज नमाज सोडू नये, अशी हदीस (पैगंबरांची शिकवण) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. मानसोपचारही हेच करायला लावतो: शंका येऊ द्यायची, पण तिचं ऐकायचं नाही.

उद्यापासून नळ बंद. पैगंबरांचा वजू एका मुद्दभर, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात होत असे. तुम्ही लोट्यात एक लिटर मोजून घ्या. प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदा, आणि पाणी संपलं की उठायचं. धडधडीला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. सुरुवातीला 8-9 येईल. तो उतरायची वाट बघत बसू नका, शंकेसकट नमाजाला उभे राहा. पुन्हा हात धुतले नाहीत तर आकडा बहुधा तासाभरात आपोआप खाली येतो. धुतले, तर लगेच बरं वाटतं आणि म्हणूनच पुढच्या वेळी शंका आणखी जोरात येते.

बहुतेकांचं घोडं अडतं ते "अम्मी, झाला ना गं वजू?" इथे. हे विचारणं म्हणजे पुन्हा वजू करण्यासारखंच, त्यामुळे अम्मींनी उत्तर देऊ नये. शंका घालवायला ठरावीक आकड्यात जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) मोजणंही त्यातलंच. मोठी माणसं हा सल्ला मायेने देतात, पण इथे तो उलटतो.

तुमचा त्रास मात्र घरच्या सरावापुरता उरलेला नाही. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा. आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फोन मोफत आहे. गोळ्या दिल्या तर ओसीडीत पूर्ण गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतात. त्यातल्या बऱ्याच दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, तेव्हा रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रोज्यासाठी परस्पर बंद करू नका.