चाळिशीनंतर ट्रेकिंग सुरू करायचं आहे. कोणत्या महिन्यात कुठे जावं? तुमचं वर्ष कसं गेलं?

मीही चाळिशी उलटल्यावरच सुरू केलं, म्हणून उत्तर देते. आता सत्तेचाळीस आहे. राहायला पुण्यात, जोडीला नणंद. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे.

आधी हिशेब. मागच्या जूनपासून या मेअखेरपर्यंत वहीत २९ नोंदी आहेत. ऐकायला भारी वाटतं, पण त्यातल्या १६ नुसत्या सिंहगडाच्या. पहाटे आतकरवाडीतून चढायचं, वर मडक्यातलं दही खायचं आणि दहा-साडेदहाला घरी येऊन कणीक भिजवायची. बाकीच्या तेरांच्या जिवावर मी इथे ज्ञान देणार आहे. वर्ष जूनपासून मोजते, कारण डोंगराचं वर्ष पावसाने सुरू होतं. जानेवारीत नुसतं भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं.

बहुतेक जण आधी गड ठरवतात आणि मग रविवार शोधतात. तिथेच फसतात. आधी महिना बघा, मग गड. हे शहाणपण मला जुलैत आलं. हरिहर गडाच्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून नणंदेने एका ग्रुपकडे दोघींचे पैसे भरून टाकले होते. भर पावसाळ्यातला रविवार. त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या म्हणजे जवळजवळ उभी शिडीच, धरायला खोबण्या, आणि उतरणारे-चढणारे सगळे त्याच वाटेने. पाऊण तास मी एकाच पायरीवर उभी होते. बोटं खोबणीत, खोबणीत पाणी, आणि नाकासमोर कुणाचातरी चिखलाने भरलेला बूट. मागचा मुलगा म्हणाला, "काकू, खाली बघू नका." तोवर मी बघितलंच नव्हतं! आमचा लीडर तेव्हा खाली चहा पीत होता, हे नंतर कळलं. गड सुंदर आहे, पण डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी रजा टाकून जा.

पावसाळ्यात मी आता कडे-कातळाच्या वाटेला जात नाही, नुसती चालते. त्यासाठी पन्हाळा ते पावनखिंड. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, तीच ही बाजू. मसाईच्या पठारावर इतकं धुकं होतं की पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसायची. आम्ही दिवसाउजेडी, पोटभर पोहे खाऊन चाललो, तरी दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. ती माणसं रात्री, त्या पावसात, पालखी खांद्यावर घेऊन धावली होती. शाळेत हा धडा पाठ होता, पण पिंढऱ्यांना तो पहिल्यांदाच कळला.

सप्टेंबरात सगळे बुकिंग करून कासच्या पठारावर फुलं बघायला जातात. तुम्हीही जा, पण आम्ही रतनवाडीतून रतनगड केला. नेढ्याच्या, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाच्या, आसपास सोनकी फुललेली, सगळं पिवळंधमक. नेढ्यात बसून दशम्या खाल्ल्या. वारा मात्र डब्याचं झाकण घेऊन गेला.

दिवाळी ते फेब्रुवारी हे खरे दिवस. नवख्या माणसाने पहिला मोठा ट्रेक याच काळात करावा, आणि तो हरिश्चंद्रगड असावा असं माझं मत. पाचनईची वाट धरा, सर्वांत सोपी तीच. खिरेश्वरची लांब आहे आणि नळीची वाट आपल्यासारख्यांची नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या पाण्यात मोठं शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांतला एकच धड उरलाय. नणंद डिसेंबरात भक्तिभावाने त्या पाण्यात उतरली आणि तिचं 'ॐ नमः शिवाय' 'ॐ न' वरच अडकलं. कोकणकड्यावर मात्र आम्ही दोघी गप्प. कडा आत वळलेला आहे. पोटावर झोपून डोकं पुढे काढलं की पायाखालचा डोंगर दिसतच नाही, एकदम खाली कोकण.

जानेवारीत राजगड-तोरणा एका दिवसात केला. गुंजवण्यात मुक्काम, पहाटे चारला चढाई. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून तोरण्याकडची धार धरली आणि तासाभरात माझ्या उजव्या बुटाचा सोल फटाफट वाजायला लागला. बूट चांगले होते, पण पावसाळ्यानंतर माळ्यावर पडून राहिल्याने चिकटवलेला भाग सुकला होता. नणंदेने स्वतःच्या ट्रॅकपँटची नाडी ओढून काढली, पँटला दोन सेफ्टीपिना लावल्या आणि माझा सोल करकचून आवळला. तोरण्याच्या बुधला माचीची चढण मी त्या नाडीवर चढले. वेल्ह्यात एसटीची वाट बघताना तिने नाडी परत मागितली. तेव्हापासून सॅकमध्ये चार हात दोरी असते, आणि मोठ्या ट्रेकआधी बूट दोन दिवस घरात घालून फिरते. सोल निघायचा असेल तर स्वयंपाकघरात निघू दे.

फेब्रुवारीत सांधण. साम्रदहून त्या घळीत उतरायचं ते कोरड्या दिवसांतच, कारण पावसाळ्यात सगळं पाणी त्याच फटीतून वाहतं. मार्चपासून ऊन आणि आग्या मोहोळं, म्हणजे चिडक्या मधमाश्यांची पोळी. अंगाला अत्तर-परफ्युम नको, कड्याखाली शेकोटी तर नकोच. एप्रिलच्या पौर्णिमेला रात्री कात्रज ते सिंहगड केला. टेकडी संपली म्हणावं तर पुढे दुसरी उभीच. माणशी चार लिटर पाणी नेलं होतं, तेही शेवटच्या दोन टेकड्यांना पुरलं नाही.

मेअखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो. पुन्हा जाणार नाही. गाड्यांच्या दिव्यांच्या रांगेत काजवे शोधावे लागले. परतताना करवंदं मात्र पोटभर मिळाली.

तुम्ही लगेच मोठी सॅक घेऊ नका. चांगल्या पकडीचे बूट घ्या आणि येत्या रविवारपासून सलग सहा रविवार सिंहगड चढा-उतरा. चढताना दम लागतो तो महिनाभरात जातो. गुडघे बोलतात ते उतरताना, म्हणून काठी न्या आणि गाडीने खाली येऊ नका. सहाव्या रविवारी कोणता महिना चालू आहे ते इथेच लिहा, मग पुढचा गड सांगते.